विकत घेतलेली मोटार परत करता येईल काय?

दसरा आणि गुढीपाडवा या दोन मुहूर्तांवर नागपुरात वर्धा मार्गावरील मोटारविक्रीच्या दालनांपुढे जी गर्दी लोटते, तीत गाडीचे गुणदोष पारखण्यासाठी आलेले लोक थोडे आणि मुहूर्त टळण्यापूर्वी ती घरी नेण्यासाठी आलेले लोक फार असतात. हार, नारळ, चाकांखाली ठेवलेली लिंबे आणि किल्ली स्वीकारताना काढलेले छायाचित्र एवढ्यात खरेदीचा सोहळा आटोपतो. आणि पुढे कधी दोन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, तीच मोटार तिसऱ्या वा चौथ्या खेपेस दुरुस्तीच्या शेडमध्ये ठेवून ऑटोने घरी परतणाऱ्या गृहस्थाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विक्रेत्यास विचारावे तर तो सांगतो की, एकदा आरटीओचा नंबर पडला म्हणजे गाडी परत होत नाही. शेजाऱ्यास विचारावे तर तो सांगतो की, ग्राहक मंचात जा, नवी कोरी गाडी मिळेल. ही दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच ती निखालस खोट्या उत्तरांहून अधिक घातक ठरतात.

परतीच्या मागणीमागे तीन निरनिराळी कारणे संभवतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच या विषयातील बहुतेक वाद माजतात. एक, मोटारीत काहीही खोट नसताना घेणाऱ्याचे मन बदलणे, म्हणजे निव्वळ पश्चात्ताप. दोन, मोटारीत दोष निघणे. आणि तीन, विक्रेत्याने सांगितले एक आणि दिले दुसरेच, म्हणजे फसवणूक. यांपैकी पहिल्या कारणासाठी भारतातील कोणताही कायदा नव्या मोटारीच्या ग्राहकास परतीचा हक्क देत नाही. दुसऱ्या कारणासाठी तो दुरुस्तीचा हक्क सढळ हाताने आणि परतीचा हक्क आखडत्या हाताने देतो. आणि तिसऱ्या कारणासाठी तो परतीचा हक्क मान्य करतो खरा, पण शाबीत करण्याचा भार ग्राहकाच्याच शिरावर ठेवतो. येथवरचे उत्तर कोणीही वकील दोन मिनिटांत देईल. ते असे का झाले आणि ते असेच राहावे काय, हे पाहण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

खरेदी केल्यावर होणाऱ्या पश्चात्तापाची दखल आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्राने आजच्या कायद्यापेक्षा अधिक आस्थेने घेतली होती, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. मनुस्मृतीने ज्या अठरा व्यवहारपदांत सर्व दाव्यांची वर्गवारी केली, त्यांत क्रयविक्रयानुशय हे स्वतंत्र पद आहे; खरेदी वा विक्री करून ज्याला पश्चात्ताप होईल त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी वा घ्यावी, त्यानंतर मात्र नाही, असा तेथील नियम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हीच मुदत व्यवसायपरत्वे ठरवून दिलेली आढळते: व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन, गोपालकांस पाच. नारदस्मृतीने तर परतीचा खर्चही नेमून दिला आहे. त्याच दिवशी वस्तू जशीच्या तशी परत केल्यास काही तोटा नाही, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि पुढे ती वस्तू घेणाऱ्याचीच झाली. याज्ञवल्क्यस्मृतीत वस्तुपरत्वे परीक्षणाच्या मुदती दिल्या आहेत. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच. त्याच यादीत दासदासींच्या परीक्षणाचीही मुदत आहे, हे त्या समाजरचनेचे लांच्छन होय आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु बियाणे पेरल्यावाचून आणि बैल जुंपल्यावाचून कळत नाही, सबब वापरून पाहण्यास वेळ दिलाच पाहिजे आणि तो वेळ वस्तूच्या स्वभावावरून ठरला पाहिजे, हे त्या नियमांमागील तत्त्व आजही तितकेच शहाणपणाचे आहे. मात्र आधी स्वतः पारखून पसंतीने घेतलेली वस्तू पुन्हा विकणाऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही, असेही नारदाने बजावून ठेवले आहे. आणि आजच्या कायद्याचा सारा कटाक्ष नेमका त्या दुसऱ्या वचनाच्या बाजूला आहे.

इंग्रजी अमलात आलेल्या कायद्यांनी या जुन्या मुदती पुसून टाकल्या. १८७२ च्या करार अधिनियमाने कपटाने वा असत्य कथनाने मिळवलेली संमती रद्द करण्याची मुभा दिली, आणि १९३० च्या माल विक्री अधिनियमाने विक्रीतील अटींचे दोन वर्ग पाडले. जी अट कराराच्या मुळाशी आहे तिचा भंग झाल्यास ग्राहकाने माल नाकारावा, आणि जी केवळ आनुषंगिक हमी आहे तिचा भंग झाल्यास माल ठेवून नुकसानभरपाई मागावी, असा हा भेद आहे. वर्णनाप्रमाणे माल मिळाला पाहिजे आणि तो बाजारात विकण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे, या मूलभूत अटी विक्रेत्याने तोंडाने उच्चारल्या नाहीत तरी गृहीत धरल्या जातात. येथवर सर्व ग्राहकाच्या हिताचे दिसते. पण त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात अशी मेख मारून ठेवली आहे की, ग्राहकाने माल एकदा स्वीकारला म्हणजे मूलभूत अटीचा भंगसुद्धा साध्या हमीच्या भंगासारखाच लेखावा, म्हणजे त्याने भरपाई मागावी, माल परत करू नये. आणि स्वीकार केव्हा झाला म्हणावयाचे? ग्राहकाने तसे कळवले तर, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही कृत्य केले तर, किंवा वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर. ही वाजवी मुदत म्हणजे किती दिवस, हे मात्र अधिनियमाने सांगितलेले नाही. स्मृतिकारांनी बैलासाठी पाच दिवस असे स्वच्छ सांगितले होते. १९३० च्या कायद्याने तो आकडा काढून घेतला आणि त्याजागी न्यायाधीशाचा विवेक ठेवला.

आता मोटारीच्या बाबतीत हा स्वीकार कसा घडतो ते पाहिले म्हणजे ग्राहकाच्या अडचणीचे मूळ सापडते. कापड वा पंखा घेतल्यावर त्याची कोठे नोंद करावी लागत नाही. मोटार मात्र १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे नोंदणीवाचून रस्त्यावर आणता येत नाही. नागपूर शहरात गिरीपेठेतील कार्यालयाकडून एमएच ३१ चा, पूर्व नागपुरात एमएच ४९ चा आणि ग्रामीण भागात एमएच ४० चा क्रमांक पडला की, त्या मोटारीची पहिली मालकी कायमची त्या ग्राहकाच्या नावे लागते. त्यासाठी एकरकमी वाहनकर भरला जातो आणि पेट्रोलच्या मोटारीवर तो किमतीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक भरतो. विम्याचा हप्ता दिला जातो. आणि कर्ज काढले असल्यास बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकात चढतो. यानंतर मोटार परत घेणे म्हणजे विक्रेत्याच्या दृष्टीने एक जुनी मोटार विकत घेणेच होय. तिच्या पुढील खरेदीदारास ती दुसऱ्या हातची म्हणूनच मिळणार, भरलेला कर सरकारी तिजोरीत जमा झालेला, आणि बँकेच्या ना-हरकतीवाचून कागद हलणार नाही. नंबर पडल्यावर गाडी परत होत नाही, असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो कायदा सांगत नसून आपला तोटा सांगत असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यात २०१९ च्या दुरुस्तीने एक नवी गुंतागुंत आणली. नव्या मोटारीच्या नोंदणीचा अर्ज त्याच राज्यात विक्रेत्यानेच करावा आणि नोंदणीचिन्ह लावल्यावाचून मोटार मालकाच्या हवाली करू नये, असा दंडक त्या दुरुस्तीने घातला. बिननंबरी गाड्या रस्त्यावर फिरू नयेत हा त्यामागील हेतू उत्तमच आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ग्राहकाच्या हाती किल्ली पडण्यापूर्वीच नोंदणीचे सर्व सोपस्कार उरकलेले असतात, आणि तपासून नाकारण्याचा जो अवसर माल विक्री अधिनियमाच्या एकेचाळिसाव्या कलमाने त्याला दिला आहे, तो व्यवहारात उरतच नाही. मुहूर्तावर मोटार घरी नेणारा ग्राहक ती पहिल्यांदा नीट पाहतो तेव्हा ती कागदोपत्री त्याची झालेली असते.

ग्राहकाची ही कोंडी फोडण्याचे काम दिवाणी न्यायालयांनी नव्हे, तर ग्राहक संरक्षणाच्या कायद्याने केले. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा मोटारीसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसण्याचा तो काळ होता; जी वस्तू मिळणेच भाग्याचे, ती परत करण्याची कल्पना कोणाला सुचणार? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि तीन वर्षांनी, १९८६ च्या डिसेंबरात, ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमान्वये जिल्हा ग्राहक आयोगास, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचास, दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि वर भरपाई देवविण्याचा अधिकार आहे. आणि अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत या कायद्याने एक नवे वाक्य घातले आहे, ज्याकडे ग्राहकांचे आणि वकिलांचेही अजून पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. सदोष माल पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे ते वाक्य आहे. सुमारे नऊ दशकांनंतर कायद्याच्या भाषेत दिवसांचा आकडा पुन्हा आला. मात्र ही मुदत केवळ सदोष मालापुरती आहे. रंग आवडला नाही, शेजाऱ्याची गाडी अधिक ऐसपैस निघाली किंवा महिन्याचा हप्ता झेपेना, या कारणांस तिचा आधार नाही.

आता दोष म्हणजे कोणता दोष, हा प्रश्न येतो, आणि येथे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी आखलेली रेषा समजून घेणे अगत्याचे आहे. २००४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या मुंबईच्या जुन्या कंपनीच्या प्रकरणात सदोष मोटार नवी म्हणून ग्राहकाच्या माथी मारल्याबद्दल न्यायालयाने तीव्र शब्दांत संताप व्यक्त केला. परंतु संताप वेगळा आणि परतीचा हुकूम वेगळा. २००६ च्या मारुती उद्योग विरुद्ध गॅबगोत्रा या निकालात न्यायालयाने असे ठरवले की, हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलून देण्याची जबाबदारी पत्करली असेल तर त्या भागापुरतेच उत्तरदायित्व येते. सबब क्लचच्या दोषासाठी अख्खी मोटार बदलून देण्याचा खालचा हुकूम रद्द करण्यात आला. या निकालाचा आधार घेऊन आजही प्रत्येक कंपनीच्या कैफियतीत सुटा भाग बदलून देण्याची तयारी दर्शवली जाते. २०१० च्या फियाट इंडियाच्या प्रकरणात न्यायालयाने मधला मार्ग काढला; इंजिन बदलूनही मोटारीत अंगभूत उत्पादनदोष राहिल्याचे स्वतंत्र तज्ज्ञाने प्रमाणित केल्यास किमतीबरोबर आजीवन कर आणि कर्जाचे हप्तेही १२ टक्के व्याजासह परत मिळावेत, असे त्यात म्हटले आहे. परतीच्या हिशेबात केवळ शोरूमची किंमत धरावयाची नसते, कर आणि हप्तेही धरावयाचे असतात, हा या निकालाचा फार मोलाचा भाग होय.

सुरक्षिततेचा प्रश्न येतो तेथे न्यायालयाने भाग आणि समग्र मोटार यांतील हा भेद बाजूस सारला आहे. ह्युंदाई क्रेटा या मोटारीचा २०१७ साली दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला आणि तिच्या एअरबॅग उघडल्या नाहीत. त्या प्रकरणी मोटार बदलून देण्याचा आणि वर भरपाईचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कायम केला. टकरीचा वेग आणि आघात यांचे पदार्थविज्ञान ग्राहकाने जाणावे अशी अपेक्षा करता येत नाही, अशा आशयाचे मत त्यात नोंदवले गेले. एअरबॅग हा एक सुटा भाग आहे आणि तो बदलता येतो, हे खरे. परंतु ज्या गुणासाठी ग्राहकाने अधिक दाम मोजला तो गुणच वेळेवर कामी आला नाही, तर ती मोटार त्याने मागितलेली मोटारच नव्हे, असा त्यामागील विचार दिसतो.

याउलट विलंबाने न्यायाचे काय होते, याचा धडा बीएमडब्ल्यूच्या प्रकरणातून मिळतो. सप्टेंबर २००९ मध्ये हैदराबादेतील एका कंपनीने घेतलेल्या मोटारीत काही दिवसांतच बिघाड झाला. प्रकरण फौजदारी फिर्यादीपर्यंत गेले. २०१२ साली उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द करून नवी मोटार द्यावी असे म्हटले. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम बाजूस ठेवून ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मोटारीच्या दोषाचा निर्णय लागण्यास मोटारीच्या आयुष्याइतकाच काळ लागला, तर परतीचा हक्क आहे असे म्हणणे शाब्दिकच ठरते.

फसवणुकीच्या वर्गात आपल्या शेजारच्या गोव्यातील एक प्रकरण विशेष उद्‌बोधक आहे. तेथील एका ग्राहकाने २०११ साली टाटा मोटर्सच्या विक्रेत्याकडून मोटार घेतली; त्याला २०११ चे उत्पादन हवे होते आणि हाती आले ते २००९ चे, तेही आधी चाललेले. फसवणूक उघड होती. वाद होता तो दोषी कोण याविषयी. गोव्यातील मंचापासून वर चढत गेलेल्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, उत्पादक आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र पक्ष असून त्यांच्यात मालक-दलाल असे नाते नाही. सबब उत्पादकास त्या लबाडीची जाणीव होती असा पुरावा नसताना त्याला जबाबदार धरता येत नाही, विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोष कारखान्यातला असेल तर उत्पादकाकडे आणि लबाडी दालनातली असेल तर विक्रेत्याकडे दाद मागावी लागते. आणि दोष नेमका कोठला हे आरंभी कळत नसल्यामुळे तक्रारीत दोघांसही सामनेवाले करणे शहाणपणाचे ठरते. विशेष म्हणजे ही लबाडी पकडण्याचे साधन ग्राहकाच्या हातीच असते. नमुना २१ मधील विक्रीपत्रात उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिलेले असते, आणि चासिस क्रमांकाशी त्याची रुजुवात घालण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे नोंदणीपूर्वी खर्च केली असता पुढची पाच वर्षे वाचतात.

पुराव्याच्या प्रश्नावर बहुतेक तक्रारी अडखळतात. मोटार वारंवार बंद पडते एवढे सांगून उत्पादनदोष शाबीत होत नाही. नव्या कायद्याच्या अडतिसाव्या कलमाप्रमाणे जो दोष तपासणीवाचून ठरवता येत नाही, त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे धाडावी लागते आणि अहवाल ४५ दिवसांत यावा लागतो, त्याचे शुल्क मात्र आरंभी तक्रारदारानेच भरावयाचे असते. पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही या क्षेत्रातील नामांकित संस्था होय. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा यांत्रिकी विभाग वा आरटीओतील मोटार वाहन निरीक्षक यांच्याकडून तपासणी करून घेण्याची विनंती आयोगास करता येते. येथे नागपूरच्या हवामानाचाही एक मुद्दा आहे. ज्या शहरात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांवर सहज चढतो, तेथे वातानुकूलन यंत्रणा, बॅटरी आणि शीतक यांची खरी परीक्षा मे महिन्यात होते. दसऱ्याला घेतलेल्या मोटारीचा यांतील दोष सहा महिने झाकलेला राहू शकतो, आणि मग कंपनी म्हणते की, गाडी इतके दिवस विनातक्रार चालली. म्हणून प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड जपून ठेवणे, आपली तक्रार त्यावर आपल्या शब्दांत लिहवून घेणे आणि दोष दूर न होता मोटार परत मिळाल्यास ते त्याच दिवशी ईमेलने कळवणे, हे तज्ज्ञाच्या अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे. कारण एकच दोष चार वेळा नोंदला गेला आणि चारही वेळा सुटला नाही, ही साखळी आयोगापुढे स्वतःच बोलते.

आयोगाचा दरवाजा ठोठावण्याचा खर्च मोठा नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि नव्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगातही ती दाखल करता येते. म्हणजे पुण्यास वा मुंबईस घेतलेल्या मोटारीसाठी नागपूरकराने तेथे खेपा घालण्याचे कारण उरलेले नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १००० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत आणि लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो; तारखा आणि तहकुब्या यांचा अनुभव असलेल्यांना या आकड्यांचे हसू येईल हे खरे. निकाल विरुद्ध गेल्यास कंपनीला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण हुकमातील निम्मी रक्कम भरल्यावरच. आणि त्या आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरातच बसते. दोन पक्षांची तयारी असल्यास मध्यस्थीची तजवीजही कायद्यात आहे, आणि ज्या मोटारीची परत घेण्याजोगी किंमत अद्याप टिकून आहे तिच्या बाबतीत, काही रक्कम सोडून का होईना, लवकर मिटवणे हे पुष्कळदा दोघांच्याही हिताचे असते.

कंपनीच्या नावे घेतलेल्या मोटारीचा मालक ग्राहक ठरतो काय, ही शंका दीर्घकाळ होती. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे; पण उदरनिर्वाहासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा मालक ग्राहकच होय, आणि संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली मोटारही केवळ तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही, असे डेम्लर क्रायस्लरच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दुसरीकडे, २०१९ च्या अधिनियमातील उत्पादनदायित्वाच्या नव्या प्रकरणाचा बराच गवगवा झाला असला तरी परतीसाठी त्याचा उपयोग नाही; सदोष उत्पादनामुळे माणसास वा अन्य मालमत्तेस झालेली हानी त्यात मोडते, खुद्द त्या वस्तूची हानी नव्हे. तसेच विम्यातील इनव्हॉइसची पूर्ण किंमत देणारे जे जादा संरक्षण विकले जाते, ते मोटार चोरीस गेल्यास वा पूर्ण नष्ट झाल्यास लागू होते; नावडत्या मोटारीशी त्याचा काही संबंध नाही.

ग्राहकाने न मागताही परतीचा प्रसंग येऊ शकतो. मोटार वाहन अधिनियमात नव्याने आलेले ११०-अ हे कलम केंद्र सरकारास सदोष मोटारी माघारी बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार देते, आणि तसा आदेश झाल्यास उत्पादकाने किंमत परत करावी, अथवा तेवढ्याच वा अधिक चांगल्या प्रतीची मोटार द्यावी, अथवा दुरुस्ती करून द्यावी, असे त्यात म्हटले आहे. कंपन्या आपण होऊन ज्या मोटारी माघारी बोलावतात, त्यांचा शेवट मात्र दुरुस्तीतच होतो.

जुन्या मोटारींच्या बाजारात स्थिती याहून चमत्कारिक आहे. एका गृहस्थाने दुसऱ्यास परस्पर विकलेल्या मोटारीस ग्राहक कायदा लागत नाही. तेथे करार अधिनियमातील कपटाचे कलम हाच आधार, आणि विकणाऱ्याचे नुसते मौन हे सामान्यतः कपट ठरत नाही. मात्र नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मोटारीचा ग्राहक हा ग्राहकच असतो, आणि अशा व्यापाऱ्यांस अधिकारपत्र घेण्याचे बंधन १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी घातले आहे. गंमत अशी की, जुन्या मोटारी विकणाऱ्या काही मोठ्या कंपन्या आज पाच ते सात दिवसांत कारण न विचारता मोटार परत घेण्याची हमी देतात. म्हणजे याज्ञवल्क्याने ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी सांगितलेली पाच दिवसांची मुदत जुन्या मोटारीस मिळाली आणि नव्या मोटारीस मिळाली नाही. याचे कारण दयाबुद्धी नव्हे. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, जेथे वस्तूचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असतो, तेथे संशयामुळे चांगल्या मालाचाही भाव पडतो आणि अखेर बाजारच मोडतो. परतीची हमी हा त्या संशयावरचा उतारा होय आणि तो व्यापाऱ्याच्याच फायद्याचा असतो.

परदेशांकडे पाहावे तर तेथेही मन बदलले म्हणून मोटार परत, अशी सर्रास मुभा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांचा असा समज असतो की, तेथे तीन दिवसांत मोटार परत करता येते. वस्तुतः दारोदार विक्रीसाठी केलेला तो नियम दालनातील मोटारविक्रीस लागू नाही. परंतु दोषाच्या बाबतीत १९८२ साली कनेक्टिकट राज्याने केलेल्या कायद्यापासून तेथे एक निश्चित माप रूढ झाले. सामान्यतः एकच दोष चार प्रयत्नांत सुटला नाही किंवा मोटार एकूण ३० दिवस कार्यशाळेत अडकून पडली, तर ती परतीस पात्र असल्याचे गृहीत धरावे. इंग्लंडने २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारण्याचा हक्क दिला, आणि त्यानंतरही दुरुस्तीचा एक प्रयत्न फसल्यास वापराची वजावट करून मोटार परत देण्याची सोय ठेवली. चीनने २०१३ पासून ६० दिवस वा ३००० किलोमीटर यांत ब्रेक वा स्टिअरिंग निकामी झाल्यास बदली वा परतीचा नियम केला. या सर्वांत समान सूत्र एकच आहे: किती दिवस आणि किती प्रयत्न, हे कायद्याने आधी सांगून ठेवले आहे, ते शोधण्यासाठी ग्राहकास पंधरा वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

आपल्या कायद्यात ग्राहकास आधार कमी नाही. उणीव आहे ती मापाची. मोटार परत मिळणे हा येथे ग्राहकाने स्वतः बजावण्याचा हक्क नसून आयोगाने कृपापूर्वक द्यावयाचा हुकूम होऊन बसला आहे. तो हक्क व्हावयाचा असेल तर दोन गोष्टी पुरेशा आहेत. एक, ३० दिवसांचे जे कलम आज सर्व मालांसाठी मोघमपणे आहे, त्यात मोटारीसाठी दुरुस्तीच्या प्रयत्नांची संख्या आणि दिवसांची मर्यादा स्वतंत्रपणे घालावी, आणि ती ओलांडली गेल्यावर दोष नाही हे शाबीत करण्याचा भार कंपनीवर टाकावा. दोन, नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी ग्राहकाने ती विशिष्ट मोटार प्रत्यक्ष पाहून लेखी पसंती दिली असल्याची अट परिवहन खात्याने घालावी; यास नवा अधिनियम लागत नाही, अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवला तरी भागेल.

तोवर ग्राहकाने करावयाचे ते एवढेच. इसार देताना रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल हे पावतीवर लिहून घ्यावे. मोटार नोंदणीपूर्वी, दिवसाउजेडी, आपल्या माहितीच्या मेकॅनिकास सोबत नेऊन, चासिस क्रमांकासह तपासावी. नापसंत असल्यास त्याच वेळी लेखी नकार द्यावा, कारण परतीचा सर्वात भक्कम काळ तोच होय. आणि त्यानंतर दोष निघालाच तर पहिल्या ३० दिवसांत लेखी मागणी करून, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीवर तक्रार नोंदवून, मग आयोगाकडे जावे. मुहूर्त किल्ली घेण्याचा असतो, तपासणीचा नसतो. म्हणून तपासणी मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात उरकावी, हेच आजच्या घडीला नागपूरच्या ग्राहकास देण्याजोगे सर्वात खात्रीचे उत्तर आहे.